वरणाचे पाणी नको, वरण द्या

गेल्या जून महिन्यात, शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात, ठाकूरद्वारच्या माझ्या दवाखान्यात जवळच्याच एका चाळीतल्या आजी नातीला कडेवर घेऊन आल्या. मागून सून आली. "डॉक्टरीणबाई, पोर काही खातच नाही हो. एखादे चांगले टॉनिक लिहून द्या," हे आजींचे पहिलेच वाक्य. मुलगी अकरा महिन्यांची. जन्मतः वजन २ किलो ७०० ग्रॅम. माझ्या काट्यावर भरले ६ किलो ४०० ग्रॅम. या वयाच्या मुलीचे वजन साधारण साडेआठ किलोच्या पुढे असावे लागते. खालच्या पापण्या ओढून पाहिल्या तर आतून फिकट. ताप नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. फक्त मूल वाढत नव्हते.

मी टॉनिक लिहिले नाही. "काल सकाळपासून रात्रीपर्यंत हिने काय काय खाल्ले ते मला क्रमाने सांगा," असे म्हटले. आजींनी सांगितले. सकाळी चहात बुडवून दोन बिस्किटे. अकराला वरणाचे पाणी, अर्धी वाटी. दुपारी भाताची पेज. संध्याकाळी आई कामावरून येईपर्यंत पुन्हा चहा-बिस्कीट. रात्री वरणाचे पाणी आणि त्यात भाताची चार शिते. मधूनमधून अंगावरचे दूध. "म्हणजे तोंड तर दिवसभर चालूच असते," सून हळूच म्हणाली, आणि आजींनी तिच्याकडे वळून पाहिले.

मुलीने दिवसातून पाच वेळा तोंड उघडले होते आणि पाचही वेळा तिच्या पोटात मुख्यतः पाणीच गेले होते.

या प्रसंगावरून हा लेख लिहीत आहे, पण दोष आजींना देण्याचा माझा हेतू नाही. कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. १९८४ साली मी या भागात दवाखाना सुरू केला तेव्हा चौथा महिना लागला की वरणाचे पाणी, पेज, मोसंबीचा रस सुरू करा, असे मी बिनदिक्कत सांगत असे. आमच्या शिक्षणात तेच होते. एका मुलाला मी असेच चार-पाच महिने पाण्यावर ठेवले. आई सांगितलेले सगळे नेमाने करीत होती. मूल वाळत गेले, त्याला न्यूमोनिया झाला आणि पंधरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. मूल वाचले. परत आल्यावर त्याच्या आजीने माझ्या टेबलावर वरणाच्या पाण्याची वाटी आणून ठेवली आणि म्हणाली, "बाई, हे मी प्यायले तर मला तासाभरात भूक लागते. या पोराला दिवसभर कसे पुरेल?" मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून मी वरणाचे पाणी सांगणे बंद केले.

पातळ अन्नाने मूल का वाढत नाही?

लहान मुलाच्या जठरात एका वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर अन्न मावते. सात किलोचे मूल असेल तर साधारण २०० मिलिलिटर, म्हणजे जेवणातली एक वाटी. तेवढी जागा पाण्याने भरली की मूल तोंड फिरवते. आपण म्हणतो, भूक नाही. भूक असते, जागा नसते.

आता गरज किती ते पाहा. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईचे दूध नेहमीच्या प्रमाणात मिळत असेल तर वरच्या अन्नातून मुलाला दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि एक ते दोन वर्षांत ५५०. डाळ शिजून तळाशी बसते, वर जे निवळ पाणी राहते त्यात डाळीचा रंग असतो, थोडी चव असते, पण डाळ नसते. पेजेचेही तसेच. अशा पाण्याच्या वाट्या मोजून ३०० कॅलरी गाठायच्या म्हटले तर मुलाचे पोट पुरणार नाही.

घरच्या घरी परीक्षा अगदी सोपी आहे. अन्न चमच्यात घ्या आणि चमचा तिरका करा. पाण्यासारखे ओघळून गेले तर ते पातळ. चमच्याला धरून राहिले, सावकाश घसरले, तर ते मुलाच्या कामाचे. त्यासाठी काटा नको, तक्ता नको.

दोन चमचे तांदूळ, एक चमचा डाळ

आमच्या गिरगावात मेट्रोच्या कामात काही जुन्या इमारती गेल्या, पण ज्या चाळी उरल्या आहेत त्यांत खोली अजून तेवढीच आणि ओटाही तेवढाच. सकाळी सातला नवऱ्याचा डबा, साडेसातला शाळेचा डबा, मग बाईचा स्वतःचा कामाचा रस्ता. अशा घरात बाळासाठी निराळा स्वयंपाक सांगणारा डॉक्टर घरी परतेपर्यंत विसरला जातो. म्हणून मी एकच पदार्थ आधी सांगते आणि तो घरच्या कुकरमध्येच होतो.

पोहे खायच्या चमच्याने शिगोशीग दोन चमचे तांदूळ आणि एक चमचा मुगाची डाळ घ्यावी. सुमारे ३० ग्रॅम तांदूळ आणि १५ ग्रॅम डाळ झाली. धुऊन अर्धा तास भिजवावी. स्टीलच्या लहान डब्यात तिप्पट पाणी आणि चिमूटभर हळद घालून तो डबा घरच्या भातावर, कुकरच्या वरच्या भांड्यात ठेवावा. निराळा गॅस नको, निराळी शिटी नको. कुकर उघडला की चमच्याच्या पाठीने घोटावे आणि चहाचा एक चमचा तूप किंवा तेल घालावे. बाळ वर्षाच्या आतले असेल तर मीठ घालू नये, त्याची त्याला गरज नसते. आपल्याला बेचव लागते म्हणून मुलाला बेचव लागते असे नाही.

ही एक वाटी खिचडी सुमारे २०० कॅलरी आणि साडेपाच ग्रॅमच्या वर प्रथिने देते. म्हणजे सात महिन्यांच्या मुलाची वरच्या अन्नाची दिवसभराची गरज या एका वाटीत भागते. एकदम देऊ नये, दोन-तीन वेळा मिळून द्यावी. सुरुवातीला दोन-तीन चमचे, मग वाढवत नेऊन अर्धी वाटी.

तांदूळ आणि डाळ एकत्र का, असे पुष्कळजणी विचारतात. प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. तांदळात त्यांपैकी लायसिन कमी पडते, डाळीत मेथिओनिन कमी पडते. दोन्ही एका घासात आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या वरणभातात, खिचडीत, कोकणातल्या घावन-उसळीत हीच जोडी आहे. शास्त्र पुढे आले, पदार्थ आधीच होते.

तुपाबद्दल मात्र गैरसमज आहे. "लहान पोराला तूप पचत नाही, खोकला होतो," असे म्हणून ते चमचाभर तूपही टाळले जाते. त्या एका चहाच्या चमच्यात ४५ कॅलरी असतात आणि जागा जवळजवळ काहीच लागत नाही. पोट लहान असणाऱ्यासाठी याहून सोयीचे काय असणार? तूप परवडत नसेल तर शेंगदाण्याचे तेलही तेवढेच बळ देते.

मिक्सरमधून काढून गुळगुळीत करण्याची सवय मला आवडत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात घोटलेले ठीक, आठव्या-नवव्यात थोडे दाणे लागू द्यावेत, वर्षाचे मूल घरातले मऊ जेवण जेवू शकते. दीड वर्षापर्यंत मिक्सरवर राहिलेली मुले पुढे पोळीचा तुकडा तोंडात धरून बसतात, हे मी नेहमी पाहते.

फडताळातले चार डबे

तांदूळ, मुगाची डाळ, शेंगदाणे, नाचणी. एवढे चार डबे घरात असले की मुलाचे बरेचसे भागते. सोबत रोजची भाजी, एखादे केळे, आणि खात असाल तर अंडे.

शेंगदाणे भाजून, सोलून, बारीक कूट करून ठेवावा. दहा ग्रॅम कुटात ५७ कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रथिने असतात. मऊ भातात, खिचडीत, कुस्करलेल्या केळ्यात चमचाभर कूट मिसळता येतो. अख्खा दाणा, चणे, फुटाणे मात्र पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नयेत. श्वासनलिकेत अडकतात, आणि ते काढण्यासाठी पोर बेशुद्ध करून दुर्बीण घालावी लागते. दुसरी गोष्ट, काळपट पडलेला, बुरशीचा किंवा खवट दाणा निवडून फेकून द्यावा. मुंबईच्या पावसाळ्यात दाण्याला बुरशी फार लवकर धरते आणि तिचे विष भाजून जात नाही. कूट एका आठवड्यापुरताच करावा.

नाचणीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण येथे आपल्या जुन्या पद्धतीत एक फार चांगली गोष्ट आणि एक चूक अशा दोन्ही आहेत. नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. कोकणातून आलेल्या घरांत नाचणीचे सत्त्व करतात: नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाटायची, फडक्यातून गाळायची आणि खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा. मोड आणणे उत्तम. गाळण्याने मात्र फडक्यात जो चोथा राहतो त्याच्याबरोबर नाचणीच्या सालीजवळचे कॅल्शियम बरेचसे निघून जाते आणि बाटलीत मुख्यतः पिष्ट उरते. पांढरे शुभ्र दिसते म्हणून ते पौष्टिक वाटते.

त्याऐवजी नाचणी निवडून धुवावी, बारा तास भिजवावी, ओल्या फडक्यात बांधून दिवसभर ठेवावी. बारीक मोड दिसले की पसरून वाळवावी, मंद आचेवर ओलावा जाईपर्यंतच परतावी, चोळून मोड काढावेत आणि दळून आणावी. पीठ मैद्याच्या चाळणीने चाळले तरी चालेल, फडक्याने गाळू नये. भर पावसात हा उद्योग करू नये. वाळत नाही आणि आंबूस होते. ऑक्टोबरच्या उन्हात दोन महिन्यांचे करून ठेवावे.

मोडाच्या पिठाचा एक गुण फारसा कोणाला ठाऊक नाही. धान्याला मोड येताना त्यात अमायलेझ नावाचे विकर तयार होते. ते पिष्टाचे तुकडे करते. बडोद्याच्या विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर काम केले. तांदळाची घट्ट पेज शिजवून त्यात मोडाच्या धान्याचे थोडेसे पीठ घातले की ती घट्ट पेज काही मिनिटांत सैल होते. पाणी न वाढवता सैल होते, हे महत्त्वाचे. म्हणजे ज्या मुलाला घट्ट गिळता येत नाही त्याला पातळसर मिळते आणि वाटीतले बळ तेवढेच राहते. घरी करायचे तर मऊ भात किंवा खीर घट्ट शिजवून खाली उतरावी, वाफ थोडी कमी झाली की चहाचा एक चमचा मोडाचे पीठ घालून ढवळावे, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा एक उकळी आणावी. शेवटची उकळी विसरू नये, कारण पीठ कच्चे असते.

आजारातून उठलेल्या, तोंड आलेल्या, अशक्त मुलासाठी मी हे आवर्जून सांगते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने असेच घरगुती जिनसांचे मिश्रण सुचवले होते, 'हैदराबाद मिक्स' या नावाने ते ओळखले जाते: भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेला हरभरा १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. एवढ्यात ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. आपल्या मेतकुटाचे आणि दाण्याच्या लाडवाचे हे लग्नच म्हणा ना. मोठ्या मुलांना याचे लाडू वळून द्यावेत. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला गूळ-साखरेची गोडी लावू नये असे आता सांगितले जाते, म्हणून त्यांच्यासाठी गूळ वगळून केळ्यात कालवावे. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, चाटवायलासुद्धा नको.

चहा, बिस्कीट आणि फिकट पापण्या

त्या मुलीच्या फिकट पापण्यांचे कारण निम्मे चहात होते. जन्माच्या वेळी बाळाजवळ लोहाचा जो साठा असतो तो सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह फार थोडे. म्हणून वरच्या अन्नातून लोह मिळायलाच हवे. चहातील टॅनिन नेमके अन्नातले लोह बांधून ठेवते. बिस्किटात मैदा, साखर आणि चरबी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. शंभरात जवळजवळ एकोणसत्तर. हा आकडा फक्त मेळघाटाचा किंवा नंदुरबारचा नाही, आपल्या चाळीतला आणि टॉवरमधलाही त्यात आहे.

पोह्यात भरपूर लोह असते असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिलेले असे. २०१७ च्या नव्या तक्त्यांत ते खूपच कमी निघाले. पोहे अवश्य द्यावेत, लिंबू पिळून द्यावेत, पण रक्तासाठी त्यांच्यावर विसंबू नये.

मांसाहारी घरांत सोपे जाते. आठवड्यातून एकदा बकऱ्याच्या काळजाचा लहानसा तुकडा शिजवून, कुस्करून भातात. चिराबाजारातून मासळी येते त्या घरांत तुकडीचा मधला मऊ भाग, बोटांनी चाचपून, काटा नाही याची खात्री करून. मांदेलीसारख्या बारीक काट्यांच्या मासळीच्या भानगडीत लहान पोरासाठी पडू नये. अंडे पूर्ण उकडून, पिवळे आणि पांढरे दोन्ही, सहा महिन्यांनंतर देता येते. वर्षभर पांढरे देऊ नये हा नियम आता राहिलेला नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात.

शाकाहारी घरांत डाळ, पालेभाजी आणि त्यावर लिंबाचे चार थेंब. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह अंगी लागते. तरीही वनस्पतीतले लोह कमीच शोषले जाते, हे मान्य केले पाहिजे. म्हणून सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचे औषध देतात. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात विचारून ते घ्यावे. शौच काळसर होते, त्याने घाबरू नये.

दोन वर्षांपुढच्यांसाठी

यांच्या बाबतीत तक्रार वेगळी. "डबा तसाच परत आणतो." बहुतेक वेळा डब्यात गार, चामट पोळी असते. भिजवलेल्या मुगाच्या डाळीचे धिरडे करून पाहा. डाळ वाटताना एखादा चमचा तांदूळ घालावा, किसलेला दुधी किंवा गाजर मिसळावे, तव्यावर जाडसर पसरावे. तीन जिन्नस आणि मीठ. गारही मऊ राहते. भोपळ्याची पुरी, दाण्याची चटणी लावलेली भाकरी, तांदळाची उकड ही सकाळच्या घाईत होणारी कामे आहेत. मुलाला डाळ निवडायला, लिंबू पिळायला, धिरड्याचे पीठ ढवळायला बसवावे. स्वतः ढवळलेले पीठ मूल सहसा टाकत नाही.

एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले आहे की विकत मिळणारे तयार शिशुआहाराचे डबे द्यावेत का. त्यांत लोह वरून घातलेले असते हा त्यांचा खरा फायदा. परंतु किंमत पाहता तो डबा पुरवून पुरवून, पाणी जास्त घालून दिला जातो आणि आपण पुन्हा वरणाच्या पाण्यावर येतो. शिवाय दोन वर्षांखालील बाळांच्या अशा आहाराची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे, हे दुकानदाराच्या शिफारशीच्या वेळी आठवावे. बाटली मात्र कोणत्याच कारणासाठी नको. वाटी-चमचा उकळता येतो, बाटलीचे बूच नीट धुतले जात नाही.

शिजवलेले अन्न मुंबईच्या हवेत दोन तासांवर ठेवून मुलाला देऊ नये. भरवण्यापूर्वी भरवणाऱ्याचे आणि मुलाचे, दोघांचेही हात साबणाने धुवावेत. जुलाब लागले तरी अन्न बंद करू नये. जलसंजीवनी, झिंकच्या गोळ्या आणि थोडे थोडे मऊ अन्न चालूच ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

त्या आजींना मी त्या दिवशी एवढेच सांगितले: चहा आणि बिस्कीट बंद, कुकरात लहान डबा, चमचा तिरका करून पाहायचा, दिवसातून चार वेळा, अंगावरचे दूध चालूच. सोबत लोहाचे औषध. आजी नाराज झाल्या. "टॉनिक नाहीच का?" असे जिन्यापर्यंत विचारत होत्या. महिन्याने आल्या तेव्हा वजन ६ किलो ८०० होते. दुसऱ्या महिन्याला ७ किलो ३००. अजून अपेक्षेपेक्षा कमीच आहे, पण काटा आता दर वेळी पुढे सरकतो. गेल्या खेपेला आजींनी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून माझ्यासमोर उघडला, आतली खिचडी चमच्यात घेऊन तिरकी केली आणि म्हणाल्या, "बघा, पडते का?"

पडली नाही.